बेळगावात कंत्राटदार संघटनेचं बिनपगारी पद घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: चार वर्षं बेळगाव तालुक्यात छोटी सरकारी कामं घेतोय, संघटनेची मंडळी 'सेक्रेटरी व्हा' म्हणून मागे लागलीत, घरचे म्हणतात फुकटची उठाठेव आहे, काय करू?

घ्या. मात्र सेक्रेटरी लगेच होऊ नका, आधी दोन वर्षं खजिनदार व्हा. मी २००७ साली खजिनदार झालो, २०११ ला सेक्रेटरी, २०१९ ला अध्यक्ष, आणि २०२३ मध्ये मोकळा झालो. आज मागे बघताना वाटतं, जे काही शिकलो ते पावतीपुस्तक घेऊन फिरताना शिकलो. वर्गणीसाठी माणसाच्या साइटवर जावं लागतं. तिथे सिमेंटच्या पोत्यावर बसून चहा घेतला की कुणाचं फायनल बिल दोन वर्षं अडकलंय, कुणी बायकोचे दागिने गहाण टाकून टेंडरची अनामत, म्हणजे ईएमडी भरलीय, हे कळतं. सभेत हे कुणी बोलत नाही. सभेत सगळे इस्त्रीच्या शर्टात येतात.

मला या कामात ओढणारे एक वयस्कर कंत्राटदार कॅम्पात, म्हणजे इथल्या लष्करी छावणीत, एमईएसची (लष्कराच्या बांधकाम खात्याची) कामं करायचे. ते नेहमी सांगायचे की बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली पुण्यात उभी राहिली, तीही लष्कराच्या एमईएसची कामं करणाऱ्या कंत्राटदारांनीच उभी केली. बिलावर सही करणारा एकच असतो आणि कामं करणारे सगळे सुटे, म्हणून एकत्र यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

बाहेरून वाटतं की संघटना म्हणजे मोर्चा आणि निवेदन. तेही असतं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या मंडपांत आम्हीही बसलोय. पण खरं काम कागदाचं आहे. एकदा एका कार्यालयाने शाळेच्या खोल्या, गटारं, कंपाउंड अशी अकरा छोटी कामं एकत्र बांधून एकच पॅकेज टेंडर काढलं. उलाढालीची अट अशी होती की आमचा तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या नोंदणीचा, म्हणजे छोटी कामं घेणारा, एकही माणूस त्यात बसत नव्हता. पूर्वी असं झालं की लोक टेंडर उघडल्यावर आरडाओरडा करायचे, आणि तोवर वेळ गेलेली असायची. या वेळी आम्ही टेंडर निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी अटी बसून वाचल्या आणि प्री-बिड बैठकीत, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंका-बैठकीत, लेखी हरकत घेतली, पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. अकरापैकी पाच कामं सुटी झाली. पाच घरं त्या वर्षी चालली, हे मी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींत धरतो. कर्नाटकात १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे, त्यात टेंडरच्या निर्णयावर कलम १६ खाली तीस दिवसांत अपील करता येतं. ही मुदत आपल्या किती लोकांना माहीत असते?

कार्यालयाला पत्र कन्नडातच द्या. आमच्याकडे सभेची नोटीस दोन्ही भाषांत निघते, जॉइंट सेक्रेटरी कन्नडभाषक असावा असा पायंडा आहे, आणि १ नोव्हेंबरच्या आठवड्यात आम्ही सभाच ठेवत नाही. तो कर्नाटकचा स्थापना दिन, त्या दिवशी कन्नडभाषकांचा राज्योत्सव असतो, मराठीभाषकांचा काळा दिन. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी जावं आणि पुढच्या आठवड्यात परत एका सतरंजीवर बसावं. सोळा वर्षांत या कारणावरून एकही सभासद गेला नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. तुमच्या प्रत्येक बिलातून १ टक्का सेस कापला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून कामगाराला औषधोपचार, मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपण, लग्न, अपघात, साठीनंतर पेन्शन असं मिळू शकतं. पण मंडळाकडे नोंदणी केल्याचं कार्ड असेल तरच. वय १८ ते ६०, आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला बहुतेक वेळा आपणच देणार. आणि आपलीच माणसं सही करायला घाबरत होती. 'उद्या पीएफवाला दारात येईल', 'मजूर कायमचा गळ्यात पडेल'. पैसा आपल्या बिलातून जात होता आणि आपल्याच गवंड्याला त्यातला रुपया मिळत नव्हता.

मी सेक्रेटरी असताना आम्ही कामगारांच्या नोंदणीचे रविवारचे कॅम्प सुरू केले. शनिवारी पगार झालेला असतो, रविवारी माणूस मोकळा सापडतो. आधार, पासबुक, फोटो घेऊन या म्हणून आदल्या आठवड्यात प्रत्येक साइटवर सांगून यायचो. कन्नड फॉर्म भरायला सभासदांची कॉलेजातली मुलं-मुली बसायची. पहिल्या दोन कॅम्पला एकही बाई आली नाही. मुकादमांना विचारलं तर म्हणाले, "बायका काय गवंडी आहेत?" डोक्यावरून वाळू आणि विटा वाहणारी बाई बांधकाम कामगार नाही, असं त्यांना खरोखर वाटत होतं. तिसऱ्या कॅम्पपासून आम्ही मुकादमाला सांगितलं, नवऱ्याबरोबर बायको आली नाही तर नवऱ्याचाही फॉर्म पुढच्या रविवारी. नियमात असं काही नव्हतं, पण बायका येऊ लागल्या.

मग मार्च २०२० आला. साइट बंद. सरकारने नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात आधी दोन हजार आणि नंतर तीन हजार रुपये टाकले. खानापूरकडच्या एका गावातून एका बाईचा फोन आला, "अण्णा, माझ्या खात्यावर आलेत. माझ्या नावावर." ते शेवटचे दोन शब्द ती दोनदा म्हणाली. त्याच आठवड्यात दाखल्यावर सही नाकारलेल्या एका सभासदाचाही फोन आला. त्याचा बारा वर्षांचा जुना मेस्त्री दारात येऊन उभा होता आणि त्याला काहीच मिळालं नव्हतं. तो सभासद पुढे आमच्या कॅम्पचा सगळ्यात खंदा माणूस झाला.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा अनेकांची कामं अर्ध्यावर होती, दर जुन्या करावर भरलेले. बहुतेक सरकारी बांधकामांवर आधी १८ टक्के, ऑगस्टात १२, आणि जुलै २०२२ पासून पुन्हा १८. एकट्याने हिशेब लावणं छोट्या माणसाच्या आवाक्यात नव्हतं. आम्ही एक सीए बसवला आणि प्रत्येकाची कराराची तारीख, आधीची बिलं, नंतरची बिलं अशी फाइल करून दिली. संघटनेने दुसरं काहीच केलं नसतं तरी त्या वर्षीची वर्गणी वसूल होती.

घरच्यांची काळजी खोटी नाही. वेळ जातो, आणि माझाही धंदा त्या वर्षांत वाढला नाही. त्यातलं अवघड ते पुढे आहे. २०१४ मध्ये माझं एका कंपाउंड वॉलचं बिल एका कार्यालयात अकरा महिने अडकलं होतं. त्याच कार्यालयात मी दर पंधरवड्याला दुसऱ्यांच्या बिलांसाठी जात होतो. संघटनेचं लेटरहेड माझ्याच बॅगेत होतं. मी ते माझ्यासाठी वापरलं नाही, कारण एकदा वापरलं असतं तर पुढच्या प्रत्येक पत्रावर 'यात याचं काय आहे' असं साहेबांनी बघितलं असतं, आणि सभासदांनीही. स्टीलवाल्याची उधारी फेडायला मी त्या साली दुचाकी विकली. शेवटी कॅम्पातल्या त्याच वयस्कर कंत्राटदारांनी मला न विचारता उपाध्यक्ष म्हणून स्वतःच्या सहीने पत्र दिलं, आणि दुपारी घरी येऊन म्हणाले, "सभासद म्हणून तुझाही हक्क आहे की रे बाळा." मी घरात जाऊन तोंड धुऊन आलो.

तर हा एक नियम आधीच ठरवून घ्या: तुमच्या बिलाचं पत्र तुम्ही सही करणार नाही, दुसरा पदाधिकारी करेल. इतिवृत्तात तसा ठरावच करून ठेवा. पदाची मुदतही पहिल्याच सभेत लिहून घ्या. मी आठ वर्षं सेक्रेटरी राहिलो, ती तीन वर्षं जास्त होती. माझ्यामागे तयार होऊ शकला असता असा एक हुशार मुलगा तोवर कंटाळून पुण्याला गेला.

पावतीपुस्तक हातात आलं की पहिल्यांदा खानापूर भागातल्या सभासदांकडे जा, मेच्या आत. तिकडे पाऊस लागला की साइट बंद होतात आणि सप्टेंबरपर्यंत माणसं भेटत नाहीत.