ओळखीच्या फाइली आधी बाजूला काढ

अरे, तपासासाठी कुणाच्या कॉम्प्युटरची डिस्क हातात आली की लगेच एकेक फाइल उघडत बसू नकोस. निम्मा पसारा विंडोजचाच असतो, तो चाळेपर्यंत मिसळ गार होईल. आधी सगळ्यांचे हॅश काढ, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा, आणि अमेरिकेतल्या निस्ट संस्थेच्या एनएसआरएल यादीशी, म्हणजे माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या हॅशच्या यादीशी, ताडून बघ.

फाइलच्या नावावर जाऊ नकोस. नाव बदललं तरी हॅश तोच राहतो. आत एक बिट हललं की अख्खा हॅश पालटतो.

पण 'ओळखीची' म्हणजे 'निर्धोक' नव्हे हं! त्या यादीत हॅकिंगची साधनंही आहेत. सातपूरच्या एका कारखान्याच्या कामात मी जुळलेलं सगळं डोळे मिटून लपवलं, त्यातच पासवर्ड फोडायचं साधन गेलं. दोन दिवस पुन्हा घासावे लागले. आणि जुळली नाही म्हणून फाइल संशयितही ठरत नाही. लोकांचे फोटो, हिशेबाच्या शीट कुठल्या यादीत असणार?

हॅश काढायच्या पद्धती अनेक आहेत, त्यातल्या एकट्या एमडी५वर विसंबू नकोस. वेगळ्या फाइली, हॅश एकच, हे त्याच्या बाबतीत २००४मध्ये आणि एसएचए-१च्या बाबतीत २०१७मध्ये करून दाखवलंय. एसएचए-२५६ घे. यादीही ताजी ठेव, नाहीतर नव्या अपडेटमधून आलेल्या फाइली अनोळखीच दिसतील.