पंधराव्या दिवशी सुटणारं चालणं

प्रश्न : ताई, वय ४८, बँकेत नोकरी. दर जानेवारीत पहाटे फिरायला सुरुवात करते, पंधरा दिवसांत सुटतं. मग स्वतःचाच राग येतो, झोप लागत नाही. काय करू? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आधी तो राग सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तुम्ही पंधराव्या दिवशीच हार मानता, याचं मला वाईट वाटतं.

आणि पहाटेचाच हट्ट कशाला? डबे, पाणी भरणं, सगळी घाई तेव्हाच. माझं चालणं टिकलं ते रात्रीच्या जेवणानंतरचं. ओटा पुसून फडकं वाळत टाकलं की पाय आपोआप चपलांकडे वळतात. पहिला महिना फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचं आठवड्याला १५० मिनिटांचं माप मागाहून गाठता येतं.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. पाळी जाण्याच्या काळातही झोप उडते. डॉक्टरांना भेटा, थायरॉईडही तपासून घ्या.