आपले प्रश्न : मिसरी, पोटातलं बाळ आणि पुढे त्याचं लक्ष

प्रश्न : मला तिसरा महिना सुरू आहे. सकाळी आणि जेवण झाल्यावर मिसरी लावते. त्याशिवाय पोट साफ होत नाही. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची मुलं चंचल होतात असं वाचलं. सासूबाई म्हणतात, मिसरीला कुठं धूर असतो? (कागल)

उत्तर : ताई, धूर नसला तरी तंबाखू आहेच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तिच्यातलं निकोटिन सगळं जळत नाही. ते हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळाकडे जातं. बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईइतकं, कधी थोडं जास्तही असतं. मेंदूच्या पेशींनी कधी वाढायचं, कुठे जोडायचं याचे निरोप अॅसिटिलकोलीन हे रसायन देतं. निकोटिन त्याच्याच जागी बसून हे निरोप अवेळी देतं. सिगारेट-बिडीत कार्बन मोनॉक्साइडची भर पडते आणि बाळाचा प्राणवायू घटतो. मिसरी भाजतानाही धूर होतोच, म्हणून दुसऱ्या कुणासाठीसुद्धा तुम्ही भाजू नका.

मुलांच्या एकाग्रतेवरचे बहुतेक अभ्यास सिगारेटचे आहेत. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात मिसरी वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या मुलांत लक्ष न टिकण्याची तक्रार जास्त दिसते.

सोडायला ही वेळ चांगली आहे. पंधराव्या आठवड्याआधी सिगारेट सोडलेल्या बायकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकंच आढळलं आहे. पुडी आजच घराबाहेर काढा. पहिले तीन दिवस जड जातात : डोकं दुखतं, चिडचिड होते. तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्यात बडीशेप किंवा लवंग चघळा. सुपारी मात्र नको, तीही बाळाला बाधते. पोटासाठी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी, पेरू. लोहाच्या गोळीनेही पोट जड होतं. ती बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. एरंडेल घेऊ नका. तंबाखू सोडण्याच्या गोळ्या किंवा निकोटिनचं च्युइंगम स्वतःच्या मनाने नको. १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. एक काम धड पुरं करत नाही. गरोदरपणी मी मिसरी लावायची. माझ्यामुळेच झालं का? (राजारामपुरी)

उत्तर : एका मुलाबद्दल असं ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. आईने एका खेपेला सिगारेट ओढली आणि दुसऱ्या खेपेला नाही, अशा तिच्याच दोन मुलांची तुलना केली, की सिगारेट आणि चंचलपणा यांचं नातं बरंच सैल पडतं. आनुवंशिकता आणि घरची परिस्थिती यांचा वाटा मोठा निघतो. वजन घटण्याचं नातं मात्र तसं सैल पडत नाही. मागचं उगाळत बसू नका, हातात पुष्कळ आहे.

सांगितलेलं डोक्यात धरणं, स्वतःला आवरणं, बेत फसला की दुसरा धरणं, या तिन्हींना मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम करतो ते काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. ‘दप्तर भर, डबा घे, चपला घाल’ असं एका दमात सांगितलं तर शेवटचं निसटतं. एका वेळी एकच सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. सकाळच्या कामांची चित्रं दारावर चिकटवा. अभ्यास दहा मिनिटं, मग पाच मिनिटं मोकळा. ‘चिमणी उड, म्हैस उड’ रोज खेळा : म्हशीला बोट न उचलणं हा आवर घालण्याचाच सराव आहे.

घरी आणि शाळेत, दोन्हीकडे सहा महिन्यांहून जास्त हेच चाललं असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. आधी कान, डोळे, झोप आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुष्कळदा अडचण तिथेच असते.

प्रश्न : सून गरोदर आहे. मुलगा मागच्या दारात बिडी ओढतो. चालेल का? (शिरोळ)

उत्तर : नाही. धूर दारातून आत येतो, कपड्यांनाही चिकटतो. सोडेपर्यंत त्याने अंगणापलीकडे जावं, आल्यावर हात-तोंड धुऊन सदरा बदलावा आणि मगच सुनेजवळ बसावं.