लांब रेघ, संयोगचिन्ह आणि ओसरी

परभणीच्या एका शिक्षिकांनी निरोप समारंभासाठी लिहिलेल्या मानपत्रात दोन ठिकाणी लांब आडवी रेघ होती. तेवढ्यावरून त्यांच्या सहकाऱ्याने ‘हे एआयचे काम दिसते, माणूस इतकी संयोगचिन्हे घालत नाही’ असा शेरा मारला. या रेघेला संयोगचिन्ह म्हणावे का आणि तिच्यावरून लेखक ओळखता येतो का, असे बाईंनी विचारले आहे.

म्हणू नये. ‘ने-आण’, ‘देव-घेव’ यांतली आखूड रेघ ती संयोगचिन्ह, ती जोडते. लांब रेघ ती अपसारणचिन्ह, आणि तिचे काम नेमके उलट आहे. ज्या चिन्हाचे नावही धड ठाऊक नाही, त्याच्या आधारे दुसऱ्याची चोरी पकडायला निघणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

खरी गंमत ‘अपसारण’ या शब्दात आहे. ‘अप’ म्हणजे दूर, ‘सृ’ म्हणजे सरकणे, आणि त्याच्या प्रयोजक रूपावरून अपसारण म्हणजे बाजूला सारणे. प्राकृतात ‘अप’चा ‘ओ’ होतो आणि आपले ‘ओसरणे’ तिथूनच येते. गंगाखेडचा शेतकरी गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर ओसरला म्हणतो, तेव्हा तो हाच धातू वापरत असतो. काही जण येथे ‘अप’ऐवजी ‘अव’ (म्हणजे खाली) पुढे करतात. ‘अव’चाही ‘ओ’ होतो हे मान्य. पण काठच्या रानातून मागे हटणारे पाणी ज्याने पाहिले आहे, तो ‘अप’च म्हणेल. घराची ‘ओसरी’ही मी याच कुळात घालतो. तिच्यावर ‘देशी’, म्हणजे संस्कृतातून न आलेली, असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या अभ्यासकांनी एखाद्या जुन्या वाड्याची ढाळज (दारालगतची बैठकीची जागा) ओलांडून चौकाकडेच्या ओसरीवर घटकाभर बसावे: खोल्यांपासून बाजूला सरलेली, तरीही घरातलीच ती जागा आहे. ‘थोरले काका — देव त्यांना उदंड आयुष्य देवो — उद्या निघतील’ या वाक्यात दोन रेघांमधला मजकूर असाच ओसरीवर बसलेला आहे.

राहिला संशयाचा प्रश्न. मोडीत विरामचिन्हे नव्हतीच. ती छापील मराठीत इंग्रजीच्या वळणाने रुजली, आणि इंग्रज कोशकार मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ 1850 सालची आहे. चॅटजीपीटी आले नोव्हेंबर 2022 मध्ये. त्याच्या इंग्रजी मजकुरात ही रेघ उठून दिसण्याइतकी येते हे खरे, पण संशयाला बळ दिले ते फोनच्या कळफलकाने: तिथे आखूड रेघ समोर असते, लांब रेघेसाठी बहुधा तीच कळ दाबून धरावी लागते, म्हणून घाईने लिहिणारा तिच्या वाटेला जात नाही. संगणकावर मात्र दोन आखूड रेघा लागोपाठ दिल्या की त्यांची पुष्कळदा आपोआप एक लांब रेघ होते, आणि बाईंनी मानपत्र संगणकावरच टंकले होते.

त्यातली दुसरी रेघ मात्र मला मान्य नाही. ‘सर — आपण’ असे त्यांनी लिहिले आहे. संबोधनानंतर स्वल्पविराम हवा.