स्वस्त पेट्रोलसाठी किती वाट वाकडी करायची?

पेट्रोल पंपाच्या ऑफिसात बारा वर्षं मी खातेवही लिहिली. काउंटरपलीकडून रोज ऐकू येणारा प्रश्न एकच असायचा, "दुसरीकडं काय भाव आहे?" या वेळच्या पत्रांतही तोच आहे. उत्तरं हिशेबानंच देतो.

वरूड तालुक्यातले एक संत्रा बागायतदार लिहितात : "आमच्या गावचे पोट्टे दर पंधरवड्याले मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याले जाऊन गाडी भरतात. तिकडं पेट्रोल स्वस्त हाय म्हणतात. जाऊन-येऊन ५० किलोमीटर होते. परवडते का?"

नाही परवडत, भाऊ. ही सवय जुनी आहे आणि तिला तेव्हा कारणही होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशात पेट्रोल आपल्यापेक्षा दोन-तीन रुपयांनी स्वस्त होतं. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं व्हॅट, म्हणजे राज्याचा कर, कमी केला, पेट्रोल लिटरमागे पाच रुपयांनी आणि डिझेल तीन रुपयांनी उतरलं. तिथून पारडं फिरलं आणि तिकडचा भाव आपल्या वर गेला. पोरं अजून जुन्याच भावावर चालली आहेत.

पण समजा, तिकडं आजही तीन रुपये स्वस्त असतं. गाडी लिटरला ५० देते, म्हणजे जाण्या-येण्यात एक लिटर जळालं, १०५ रुपये धरा. टाकीत दहा लिटर भरलं तर वाचले ३० रुपये. वर टायर, ऑइल आणि अर्धा दिवस गेला तो वेगळाच.

एक साधं माप लक्षात ठेवा. ५० अ‍ॅव्हरेजच्या मोटरसायकलला किलोमीटरमागे साधारण दोन रुपयांचं पेट्रोल लागतं. आठ लिटर भरताना एक रुपयाच्या फरकानं आठ रुपये वाचतात. म्हणून एक रुपया फरकासाठी जाऊन-येऊन चार किलोमीटरपेक्षा जास्त वाट वाकडी करायची नाही. कारचंही गणित जवळपास इथंच येतं, कारण टाकी मोठी असली तरी अ‍ॅव्हरेज कमी. आणि जो माणूस शंभराचंच पेट्रोल भरतो, त्याला रुपयाच्या फरकात एक रुपयासुद्धा वाचत नाही. त्यानं समोर दिसेल त्या पंपावर भरावं. आपल्याकडं बहुतेक मजूर, छोटे दुकानदार असेच शंभर-शंभरचं भरतात. स्वस्ताईच्या गप्पा ऐकून सगळ्यात जास्त फसतात तेच, याचं मला फार वाईट वाटतं.

देवरी (जि. गोंदिया) भागातून एक शिक्षक विचारतात : "छत्तीसगडची हद्द आमच्यापासून १८ किलोमीटर. तिकडं पेट्रोल खरंच स्वस्त आहे. मग तरी?"

सर, तुमच्याकडचा फरक खरा आहे. गेल्या काही वर्षांत तो चार-पाच रुपयांपर्यंत राहिलेला आहे. तरी फक्त पेट्रोलसाठी ३६ किलोमीटर फिरलात तर मोटरसायकलचे ७५ रुपये जळतात आणि आठ लिटरवर वाचतात ३५-४०. कारनं गेलात तर तोटा आणखी मोठा.

राजनांदगावला लग्न असेल, रायपूरला दवाखाना असेल, तर मात्र टाकी जरा रिकामी ठेवून निघा आणि परतताना हद्दीच्या अलीकडं येण्याआधी भरून घ्या. तो फायदा निखळ तुमचा.

डिझेलचं मात्र उलटं. तिथं आपलाच भाव बहुतेक वेळा कमी असतो. पेट्रोल स्वस्त म्हणजे डिझेलही स्वस्तच, असं समजून तिकडून डिझेल भरून येणारे पिकअपवाले मी पाहिलेत. प्रत्येक राज्य पेट्रोल आणि डिझेलवर वेगवेगळा कर लावतं, म्हणून दोन्ही भाव वेगवेगळे विचारायचे.

सिंदखेडराजा तालुक्यातले शेतकरी : "गावाजवळच्या पंपावर डिझेल तालुक्यापेक्षा ७० पैशांनी महाग आहे. पंपवाला लुटतो का? ट्रॅक्टर घेऊन १४ किलोमीटरवर तालुक्याला जावं का?"

लुटत नाही. डेपोपासून पंपापर्यंतचं टँकरचं भाडं भावात धरलेलं असतं. पश्चिम विदर्भाचं इंधन बरंचसं अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून निघतं. जितकं लांब, तितके पैसे चढत जातात. परभणीचं पेट्रोल राज्यात महाग म्हणून बातमीत येतं त्यामागंही हेच, टँकर थेट मनमाडकडून येतात.

ट्रॅक्टर मात्र नेऊ नका, दादा. २८ किलोमीटरला दीड तास लागला तरी पाच लिटरच्या आसपास डिझेल जातं, म्हणजे साडेचारशे रुपये. ४० लिटरवर तुम्ही वाचवणार २८ रुपये. बाजारच्या दिवशी कुणाची गाडी जात असेल तर तिच्यात डबा पाठवा.

दर्यापूरहून एक कॉलेज विद्यार्थिनी : "पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त येतं, आणि १०० ऐवजी ११० चं भरावं, हे खरं का?"

दोन्ही खोटं. टाकी जमिनीखाली असते, आपल्याकडं वर ४५ डिग्री तापलं तरी खालचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. मशीनला ११० काय नि १०० काय, सारखंच. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी टायरची हवा बघ, बेटा. हवा कमी असली की पेट्रोल नक्की जास्त जातं.

वरोऱ्याहून : "माझी गाडी आधी ५० द्यायची, आता ४८ देते. पंपावर काटा मारतात का?"

५० ची ४८ झाली असेल तर पंपावर संशय घेऊ नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बनावटीच्या दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली होती. तुमची घट नेमकी तेवढीच आहे. ४५ वर आली असती तर मात्र मी म्हटलं असतं, माप तपासा.

ते तपासायचं कसं, हे प्रत्येकानं शिकून घ्यावं, कारण भावातल्या पैशांपेक्षा मापातली चोरी कितीतरी मोठी. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर दाखवावंच लागतं. माप आधी एकदा भरून रिकामं करायला लावा, कोरड्या मापात थोडं तेल भिंतीला चिकटून राहतं. मग सपाट जागी ठेवून मशीनवर नेमकं पाच लिटर सोडायला सांगा. फेस बसू द्या. मानेवरच्या काचेत पातळी दिसते. रेषेच्या खाली २५ मिलिलिटरपर्यंत चालतं, त्याहून जास्त नाही.

मी स्वतः एकदा एका हायवेच्या पंपावर असं माप मागितलं. पोरगा आधी "साहेब नाहीत" म्हणाला, मग आतून आणलं. १२० मिलिलिटर कमी भरलं. म्हणजे लिटरमागे अडीच रुपये. त्या पंपाचा बोर्डावरचा भाव आजूबाजूच्यांपेक्षा ४० पैशांनी स्वस्त होता आणि लोक त्यासाठी रांगेत उभे होते. मला त्या दिवशी राग आवरला नव्हता. अशी तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात करायची. पावती जपून ठेवा, तिच्यावर पंप, मशीन आणि वेळ असते.

धारणी तालुक्यातल्या एक आशाताई : "पंप २२ किलोमीटरवर. गावातल्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल १३० ला मिळतं. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी निघावं लागतं. बाटलीचं घेऊ की नको?"

ताई, निव्वळ हिशेबानं तुम्ही चुकत नाही. एक लिटरसाठी पंपावर जाऊन-येऊन ४४ किलोमीटर केलेत तर ९० रुपये रस्त्यातच जातील. दुकानदाराचे २५ रुपये त्यापेक्षा कमीच.

पण ते पेट्रोल विनापरवाना विकलं जातं, माप कुणी बघत नाही, आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या चुलीच्या घरात रांगेनं उभ्या असतात. एक ठिणगी पुरे. पावसाळ्यात आणखी एक भीती, इथेनॉल ओलावा ओढतं. झाकण सैल असलं की तळाशी पाणी सुटतं आणि गाडी नेमकी रात्री बंद पडते. घ्यावंच लागलं तर बाटली उजेडात धरा. गढूळ दिसलं किंवा खाली वेगळा थर दिसला तर परत करा.

तुमच्यासाठी पक्का मार्ग असा. मीटिंगला किंवा बाजाराला धारणीत जाल तेव्हा प्रत्येक वेळी टाकी भरा, अर्धी असली तरी. काटा अर्ध्याखाली गेला की तुमच्यासाठी टाकी रिकामीच समजा. गावातून कोणीही पंपाकडं निघालं तर बंद झाकणाचा धातूचा डबा पाठवा, प्लास्टिकचा नको. घरी स्वतःपुरतं, ३० लिटरपर्यंत, असं ठेवायला कायद्यानं परवाना लागत नाही. पण तुम्हाला दोन लिटर पुरेत, आणि तो डबा घरात नको, गोठ्यापलीकडं सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.