दातांच्या डॉक्टरकडे भावाला नेताना

तुमच्या भावाला बौद्धिक अक्षमता असली, तरी तो तीस वर्षांचा आहे, लहान मूल नाही; इथूनच सुरुवात करा. डॉक्टर तुमच्याकडे बघून "याला दुखतंय का?" असं विचारू लागले, तर प्रश्न सरळ त्याच्याकडे वळवा. उत्तराला वेळ लागेल, लागू द्या.

पहिल्या भेटीत उपचार नकोतच. नुसतं खुर्चीत बसणं, दिवा चालू-बंद करून बघणं, आरसा हातात धरणं, एवढंच ठरवून जा. पुढच्या वेळी तोच आरसा आधी गालाला, मग ओठाला, मग एका दाताला. दर वेळी आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. त्याने हात वर केला की थांबायचं, आणि खरंच थांबायचं. एकदा जरी "झालंच आता" म्हणत पुढे रेटलंत, तर त्या इशाऱ्यावरचा त्याचा विश्वास गेला. खुर्ची मागे झुकताना बरेच जण बिथरतात, म्हणून ती आधीच झुकवून ठेवायला सांगा. दिव्याचा त्रास होत असेल तर गॉगल, आवाजाचा होत असेल तर हेडफोन.

हातपाय धरून ठेवू, असं कुणी सुचवेल. तातडीचं काही नसेल तर माझ्या मते सरळ नाही म्हणा. कीड थोपवायला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध दातावर लावता येतं, ड्रिल लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र आधी माहीत असू द्या.

फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात, डॉक्टरांना सांगाच. आणि तो अचानक जेवण टाळू लागला किंवा गालावर मारून घेऊ लागला, तर हट्ट समजू नका, आधी दात दाखवा.