आजीचा घास आणि उद्दिष्टपत्रक

स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचाराचे काम तुम्ही नुकतेच सुरू केले आहे, म्हणून सुचवतो की छापील उद्दिष्टपत्रक (मुलाला काय काय शिकवायचे, याची यादी) भरण्याआधी त्या मुलाच्या घरातले एक जेवण शांतपणे पाहावे. ‘चमच्याने स्वतंत्रपणे खाणे’ असे आपण सहज लिहून टाकतो; पण जिथे सगळेच हाताने वरणभात कालवून खातात आणि पाच वर्षांच्या नातवाला आजी भरवते, तिथे ते भरवणे ‘परावलंबन’ म्हणून नोंदवले, तर पुढच्या सत्रात घरचे मोकळेपणाने बोलत नाहीत (ही चूक मी स्वतः केली आहे). अमेरिकेतील वर्तन विश्लेषकांच्या (म्हणजे असे वर्तनोपचार करणाऱ्या व्यावसायिकांच्या), २०२२ पासून लागू झालेल्या आचारसंहितेतही सांस्कृतिक भान ही व्यावसायिक जबाबदारीच मानली आहे. म्हणून आधी आजींनाच विचारावे, की शेवटचे दोन घास त्याने आपल्या हाताने घेतले तर चालतील का.